‘निधी वाढवा’ एवढ्यानं भागत नाही : सरकारी आणि अनुदानित महाविद्यालयांसाठी नेमकं काय, कुणाकडे आणि कधी मागायचं?

ताळेबंद

अर्थसंकल्पी अधिवेशन जवळ आलं की निवेदनं निघतात : ‘उच्च शिक्षणावरचा खर्च वाढवा.’ सोबत कोठारी आयोगाचा (१९६४-६६) सहा टक्क्यांचा दाखला असतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंही सकल देशांतर्गत उत्पन्नाच्या सहा टक्क्यांचं तेच उद्दिष्ट पुन्हा लिहिलं आहे. मागणी रास्तच आहे. पण मंत्रालयातल्या ज्या टेबलावर हे निवेदन पोचतं, त्या टेबलाला ‘सहा टक्के’ या शब्दांवर काहीच करता येत नाही. तिथं पैसा लेखाशीर्षातून, म्हणजे अंदाजपत्रकातल्या खर्चाच्या क्रमांकित कप्प्यातून, जातो आणि लेखाशीर्षातच अडतो.

म्हणून आधी महाराष्ट्राचं अंदाजपत्रक वाचायला शिकू. उच्च शिक्षणाचा बराचसा खर्च ‘मागणी क्रमांक डब्ल्यू-२, २२०२ सामान्य शिक्षण, ०३ विद्यापीठ व उच्च शिक्षण’ इथं सापडतो. त्याखाली १०२ म्हणजे विद्यापीठांना सहाय्य, १०३ म्हणजे शासकीय महाविद्यालये व संस्था, १०४ म्हणजे अशासकीय महाविद्यालयांना सहाय्य. आपण ज्यांना ‘अनुदानित’ म्हणतो ती सगळी १०४ मध्ये. इमारतींसारखा भांडवली खर्च ४२०२ या वेगळ्या शीर्षाखाली असतो.

यापुढचा दोन आकडी संकेतांक सगळ्यांत महत्त्वाचा, म्हणजे उद्दिष्ट. ३६ हे सहायक अनुदान (वेतन) आणि ३१ हे सहायक अनुदान (वेतनेतर). १०४ खालच्या तरतुदीचा बहुतांश भाग ३६ मध्ये असतो. म्हणून ‘महाविद्यालयांवर हजारो कोटी खर्च होतात’ हे वाक्य खरं असूनही प्रयोगशाळेत रसायन नसतं, ग्रंथालयात नवी पुस्तकं नसतात आणि गळक्या छताला पैसे नसतात. या गोष्टी ३६ मधून घेता येत नाहीत.

त्यामुळे मागणी दोन तुकड्यांत मांडावी असं माझं मत आहे. ३६ मध्ये रिकामी पदं आजच्या कार्यभारानुसार (शिकवण्याच्या एकूण तासांनुसार) भरण्याइतकी तरतूद आणि ३१ मध्ये विद्यार्थिसंख्येला बांधलेलं, दरवर्षी ठरल्या वेळी मिळणारं वेतनेतर अनुदान. बाकी मागण्या नंतर. जाणकारांनी भर घालावी. आकडे देताना हिशेबही दाखवावा, म्हणजे निवेदनात तसाच वापरता येईल.

खडू_आणि_फळा

पदांचा हिशेब मी मांडतो.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष अध्यापन, सहयोगी प्राध्यापक आणि प्राध्यापकाला १४ तास. वर्षात शिकवण्याचे किमान ३० आठवडे. समजा एका विभागाचा कार्यभार आठवड्याला ४८ तास आहे. म्हणजे तीन पदं. त्यातलं एकच भरलेलं आहे, तर ३२ तास रिकामे. हे तास तासिका तत्त्वावर, म्हणजे दर तासाच्या मानधनावर, दिले जातात. एका रिकाम्या पदाचं काम साधारण दोघांत वाटतात, म्हणजे चार जण, प्रत्येकी ८ तास.

२०२३ मध्ये पदवीच्या तासिकेचा दर ९०० रुपये झाला. ८ × ९०० × ३० = वर्षाला २,१६,००० रुपये. बारा महिन्यांत वाटले तर महिना १८,०००. नेट-सेट (प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षा) किंवा पीएचडी झालेल्या माणसाला. सुट्टीत पैसे नाहीत आणि देयकं तयार होऊन, तपासून, मंजूर होऊन हातात पडेपर्यंत महिने जातात.

शासनाच्या बाजूनं पाहिलं तर चौघांचा मिळून खर्च ८,६४,०००. नियमित सहायक प्राध्यापकाचं सुरुवातीचं मूळ वेतन ५७,७००, भत्ते धरून महिना लाखाच्या आसपास. दोन पदांचे वर्षाला साधारण २४ लाख. म्हणजे एका विभागामागे वर्षाला पंधरा लाख ‘वाचतात’. पदभरती का रेंगाळते याचं उत्तर या वजाबाकीत आहे.

वाचवलेल्या पंधरा लाखांत काय जातं तेही लिहायला हवं. पीएचडीचा मार्गदर्शक पूर्णवेळ नियमित अध्यापकच होऊ शकतो, त्यामुळे विभागात एकच माणूस उरला तर संशोधन केंद्र नावापुरतं राहतं. परीक्षा, प्रवेश, राष्ट्रीय सेवा योजना, नॅकची (महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेची) कागदपत्रं हे सगळं त्या एकट्याच्या अंगावर येतं, आणि अध्यापन मागं पडतं. नॅकच्या मूल्यांकनात मंजूर पदांच्या तुलनेत पूर्णवेळ अध्यापक किती याला स्वतंत्र गुण आहेत. पदं रिकामी म्हणून गुण कमी, गुण कमी म्हणून योजनांतून मिळणारा निधी अवघड, निधी नाही म्हणून विद्यार्थी दुसरीकडे, विद्यार्थी गेले की कार्यभार कमी आणि मग पदच अतिरिक्त. ही साखळी निवेदनात जशीच्या तशी मांडावी. वित्त विभागालाही ती नाकारता येणार नाही.

एक गोष्ट नीट लक्षात घ्या. २०१८ मध्ये ३,५८० पदं भरायला मान्यता मिळाली. त्यातली सगळी भरली गेली नाहीत, उरलेल्या २,०८८ पदांना २०२१ मध्ये पुन्हा परवानगी घ्यावी लागली. मधल्या तीन वर्षांत लोक निवृत्त होतच होते. मंजुरीचा आकडा आणि वर्गात उभा राहिलेला माणूस यांत हे अंतर पडतं.

चौकटीबाहेर

मला थोडं उलट्या बाजूनं विचारायचं आहे. पट कमी झालेल्या महाविद्यालयांनाही वेतन अनुदान चालूच राहतं. काही कला शाखांत वर्गात दहा-बारा विद्यार्थी दिसतात. शिवाय आधीच्या योजनांत मिळालेल्या निधीची उपयोगिता प्रमाणपत्रंही (निधी ठरल्या कामावर खर्च झाल्याचे दाखले) वेळेवर गेली नाहीत. मग आणखी पैसे मागताना आपण कशाची हमी देतो? करदात्यानं हा प्रश्न विचारला तर तो चूक नाही.

सह्यकडा

@चौकटीबाहेर, प्रश्न योग्य आहे. उपयोगिता प्रमाणपत्रांबद्दल आधी सांगतो, कारण तिथं महाविद्यालयांची चूक जितकी आहे तितकीच निधी देण्याच्या पद्धतीचीही आहे.

राष्ट्रीय उच्चतर शिक्षा अभियान २०१३ मध्ये आलं. केंद्राचा वाटा ६० टक्के, राज्याचा ४०. २०२३ पासून तेच पीएम-उषा नावानं चालू झालं, २०२३-२४ ते २०२५-२६ साठी देशभर मिळून १२,९२६.१० कोटींची तरतूद. त्यात एका महाविद्यालयाच्या बळकटीकरणाला जास्तीत जास्त ५ कोटी, विद्यापीठाच्या बळकटीकरणाला २० कोटी आणि बहुविद्याशाखीय संशोधन विद्यापीठाला १०० कोटी. केंद्राचा हप्ता येतो, राज्याचा वाटा मागून येतो, आणि पैसे महाविद्यालयाच्या हाती पडेपर्यंत आर्थिक वर्षाचे थोडे महिने उरलेले असतात.

बांधकामाचा क्रम बघा. वास्तुविशारदाकडून आराखडा, चालू दरसूचीवर (कामांच्या सरकारी दरांच्या यादीवर) अंदाजपत्रक, प्रशासकीय मान्यता, मग तांत्रिक मान्यता, मग निविदा, मग कार्यादेश. यातली एकही पायरी उलटी करता येत नाही. तांत्रिक मान्यतेपूर्वी निविदा काढली की लेखापरीक्षणात आक्षेप येतो आणि तो वर्षानुवर्षं मिटत नाही. दरसूची मधेच बदलली तर अंदाजपत्रक पुन्हा करावं लागतं आणि मंजूर रकमेत काम बसत नाही. उपकरणांसाठी जेम हे सरकारी खरेदीचं पोर्टल आहे. तिथं तपशील मोघम लिहिला की सर्वांत स्वस्त आणि सर्वांत निरुपयोगी वस्तू गळ्यात पडते. ‘सूक्ष्मदर्शक, उत्तम दर्जाचा’ असं न लिहिता भिंगांची वर्धनक्षमता, प्रकाशस्रोत, हमीचा काळ, जागेवर येऊन दुरुस्ती हे सगळं लिहावं लागतं.

शेवटी केंद्राच्या वित्तीय नियमांतल्या (जीएफआर) १२-अ या नमुन्यात उपयोगिता प्रमाणपत्र. सनदी लेखापालाची सही, व्याजाचा वेगळा हिशेब आणि मालमत्ता नोंदवहीतली नोंद यातलं एक जरी राहिलं तरी प्रमाणपत्र परत येतं. बहुतेक महाविद्यालयांत हे काम एकच मुख्य लिपिक करतो आणि त्याच्या शेजारची दोन पदं रिकामी असतात. म्हणून शिक्षकेतर पदभरती ही निधीच्या मागणीतच धरा. पैसा खर्च करायलाही माणूस लागतो.

परीक्षानळी

३१ म्हणजे वेतनेतर अनुदान नसलं की नेमकं काय बिघडतं ते रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतून सांगते. हे आकडे कुणालाही पडताळता येतील.

साधं अनुमापन (टायट्रेशन) घ्या. विद्यार्थी ब्युरेट धुतो, भरतो, एक कच्चं आणि तीन पक्की वाचनं घेतो. प्रत्येकी एका द्रावणाचे १०० मिली सहज लागतात. वीस जणांच्या तुकडीला २ लिटर, आठवड्यात सहा तुकड्या असतील तर १२ लिटर, आणि दोन द्रावणं असतात म्हणून २४ लिटर. हे सगळं ऊर्ध्वपातित पाण्यात करायचं. काचेचा ऊर्ध्वपातन संच तासाला चार-पाच लिटर देतो, पण थंडाव्यासाठी नळाचं पाणी सतत वाहतं ठेवावं लागतं. उन्हाळ्यात टँकरवर चालणाऱ्या तालुक्याच्या गावात तो चालवायचा कसा? मग साधंच पाणी वापरलं जातं. त्यातल्या क्लोराइडमुळे सिल्व्हर नायट्रेटची अनुमापनं बिघडतात आणि कठीण पाण्यानं ईडीटीएची. विद्यार्थ्याला वाटतं आपलाच हात चुकला.

सिल्व्हर नायट्रेट महाग, म्हणून तो प्रयोग शिक्षक एकदा करून दाखवतात आणि बाकीचे वाचनं उतरवून घेतात. पीएच मापकाचा इलेक्ट्रोड पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात न ठेवता कोरडा राहिला की बाद होतो. तो बदलायची रक्कम फार नसते, पण ती कुठल्या शीर्षातून द्यायची याचं उत्तर नसल्यामुळे अख्खं यंत्र कपाटात जातं. धूरकपाटाचा पंखा जळला की आम्लाची बाष्पं खोलीत फिरतात आणि शेजारच्या तराजूचा धातूही खातात. एक छोटी दुरुस्ती टळली म्हणून तीन वस्तू जातात.

परिचराचं पद रिकामं असेल तर दोन तुकड्या एकत्र घेतात. वीस जणांच्या ओट्यावर चाळीस. मग एका ब्युरेटला दोघं, एक ओततो आणि एक लिहितो. लिहिणाऱ्याला तीन वर्षांत अनुमापन येत नाही, पण पदवी मिळते.

योजनांतून यंत्रं घेतली जातात, त्यांची वार्षिक देखभाल मात्र योजनेत नसते. मागणीत एक ओळ हवीच : ज्या यंत्राला भांडवली अनुदान दिलं, त्याच्या हमीचा काळ संपल्यावर देखभालीचा खर्च ३१ मधून आपोआप मिळावा.

ग्रंथालयाबद्दल थोडक्यात. एन-लिस्ट या ई-नियतकालिकांच्या सेवेची वर्गणी अनुदानित महाविद्यालयाला कर धरून वर्षाला ५,९०० रुपये, आणि त्यात हजारो नियतकालिकं. इतकं स्वस्त काही नाही. पण ते वाचायला चालू स्थितीतले संगणक आणि टिकणारं इंटरनेट लागतं, आणि मराठी माध्यमातल्या कला शाखेच्या विद्यार्थ्याला त्यातलं थोडंच उपयोगी पडतं. त्याला छापील मराठी संदर्भग्रंथच हवेत.

वऱ्हाडी_मन

एक बाजू अजून कुणी मांडली नाही. वेतनेतर पैसा मिळत नाही तरी महाविद्यालयं चालतात, ती कुणाच्या पैशावर? त्याच आवारातल्या विनाअनुदानित तुकड्यांच्या. बीसीए, बीबीए, बीएस्सी संगणकशास्त्र या विद्यार्थ्यांच्या शुल्कातून अनुदानित इमारतीचं वीजबिल, रंगरंगोटी, सुरक्षारक्षक, कंत्राटी सफाई भागते. म्हणजे शासनानं उचलायचा भार दुसऱ्या विद्यार्थ्याच्या पालकावर पडतो, आणि तो पालकही शेतकरी किंवा मजूरच असतो.

नोव्हेंबर २००१ नंतर परवानगी मिळालेली महाविद्यालयं तर ‘कायम विनाअनुदानित’, म्हणजे अनुदान कधीच मिळणार नाही या अटीवरची. मागास तालुक्यांत मुलींसाठी घराजवळचं एकमेव महाविद्यालय बऱ्याचदा हेच असतं. आणि सर्वसाधारण शिक्षणाची शासकीय महाविद्यालयं? कोल्हापूरचं राजाराम, अमरावतीची विदर्भ ज्ञान विज्ञान संस्था, नागपूरची वसंतराव नाईक संस्था, संभाजीनगरचं शासकीय कला व विज्ञान, मुंबईतली एल्फिन्स्टन, सिडनहॅम, इस्माईल युसुफ. बहुतेक स्वातंत्र्यापूर्वीची आणि मोठ्या शहरांतली. गोव्यात पेडणे, साखळी, केपे, खांडोळा अशा ठिकाणी सरकारी महाविद्यालयं आहेत. महाराष्ट्रात हे काम शिक्षणसंस्थांनी उचललं आणि शासनानं अनुदान दिलं, असा तो करार होता. अनुदान आकसलं तर तालुक्याला दुसरं काही नाही.

@चौकटीबाहेर, दहा-बारा विद्यार्थ्यांच्या वर्गाबद्दल : त्या वर्गाचा पट मोजा, पण जवळचं दुसरं महाविद्यालय किती किलोमीटरवर आहे आणि शेवटची एसटी किती वाजता सुटते हेही मोजा. एकाच गावात दोन अर्धी महाविद्यालयं असतील तर विषय वाटून घ्यायला हरकत नसावी. सरसकट पटाचा निकष लावला की सगळ्यांत आधी मेळघाट, गडचिरोली आणि अक्कलकुव्याचे वर्ग बंद होतील.

जास्वंद

शिष्यवृत्तीचा मुद्दा. काही जण म्हणतात, पैसा संस्थेला न देता विद्यार्थ्याला द्या, तो हवं तिथं शिकेल. जुलै २०२४ च्या निर्णयानं व्यावसायिक अभ्यासक्रमांतल्या, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्नाच्या पात्र मुलींचं शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं, हे चांगलंच झालं. पण शुल्काची प्रतिपूर्ती खाजगी महाविद्यालयात गेली की तो पैसा तिथल्या ताळेबंदात जातो. सार्वजनिक महाविद्यालयात एक वर्गखोलीही त्यातून उभी राहत नाही.

तरीही दोन्ही मागण्या एकमेकींविरुद्ध मांडू नका अशी कळकळीची विनंती. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती हा अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांचा हक्क आहे आणि तो कापून महाविद्यालयांना द्या असा अर्थ निघता कामा नये. मागायचं ते वेळापत्रक. महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज, महाविद्यालयाची पडताळणी, विभागाची मंजुरी, मग खात्यात रक्कम, यात वर्ष उलटतं. आधार जोडलेलं खातं बंद पडलेलं असणं, उत्पन्नाचा दाखला जुना असणं, अभ्यासक्रमाचा संकेतांक पोर्टलवर चुकीचा असणं, ही नेहमीची तीन कारणं. तोवर महाविद्यालय शुल्कासाठी निकाल अडवतं आणि विद्यार्थी दोघांच्या मधे सापडतो. प्रवेशानंतर ९० दिवसांत पहिला हप्ता, एवढी मागणी स्पष्ट लिहावी.

ताळेबंद

सगळ्यांचे आभार. आता कुठं आणि कधी.

पहिली जागा आपलीच : महाविद्यालय विकास समिती. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ च्या कलम ९७ नुसार ती असते, वर्षातून किमान चार बैठका. व्यवस्थापन, प्राचार्य, निवडून आलेले तीन शिक्षक, शिक्षकेतर प्रतिनिधी, स्थानिक सदस्य, विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष आणि सचिव हे सगळे तिच्यात. अंदाजपत्रक तिथूनच शिफारस होऊन जातं. तिथं ठराव घ्या : मंजूर पदं, भरलेली पदं, तासिका तत्त्वावरचे तास, प्रयोगशाळा आणि ग्रंथालयाचा प्रतिविद्यार्थी खर्च. ठरावाच्या प्रती विभागीय सहसंचालक आणि उच्च शिक्षण संचालक, पुणे यांना.

दुसरी, माहितीचा अधिकार. अनुदानित महाविद्यालयं कायद्याच्या कलम २(ज) खाली येतात. शुल्क १० रुपये, उत्तर ३० दिवसांत, पहिल्या अपिलाला २० रुपये. राज्याच्या नियमांत एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे. ती ओलांडल्यामुळेच बरेच अर्ज फेटाळले जातात. ‘निधीची सर्व माहिती द्या’ असं लिहू नका. ‘२२०२-०३-१०४, उद्दिष्ट ३१ खाली मागील तीन आर्थिक वर्षांत आपल्या विभागाला मिळालेली तरतूद, प्रत्यक्ष वितरण आणि ३१ मार्चला व्यपगत झालेली (न वापरता परत गेलेली) रक्कम’ असं लिहा. तरतूद आणि वितरण यांतला फरक हा सगळ्यांत बोलका आकडा, कारण वित्त विभाग वर्षभरात पूर्ण तरतूद खर्चायला देतोच असं नाही.

तिसरी गोष्ट वेळ. मार्चमध्ये निवेदन देऊन उपयोग नसतो, अंदाजपत्रक तोवर छापलेलं असतं. विभागांचे प्रस्ताव पावसाळा सरता सरता तयार होतात आणि आठमाही सुधारित अंदाज हिवाळ्याच्या तोंडावर. म्हणून ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आकडे संचालनालयात पोचले पाहिजेत. चालू वर्षासाठी हवं असेल तर पावसाळी आणि नागपूरच्या हिवाळी अधिवेशनातल्या पुरवणी मागण्या (वर्षाच्या मधे मंजूर होणारी जादा तरतूद). विधान परिषदेत शिक्षक मतदारसंघाचे सात आणि पदवीधरांचे सात आमदार असतात. तारांकित प्रश्न किंवा लक्षवेधीसाठी त्यांना नुसती भावना न देता एका पानावर जिल्ह्याचा तक्ता द्या.

आणि एक तारीख. संलग्न महाविद्यालयांत राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाचा नवा, चार वर्षांचा अभ्यासक्रम २०२४-२५ ला पहिल्या वर्षात आला, म्हणजे चौथं वर्ष २०२७-२८ ला सुरू होणार. त्याची पदं आणि प्रयोगशाळा २०२६ च्या शरदातल्या प्रस्तावांत नसतील, तर ते वर्ष कागदावरच राहील. २०१८ आणि २०२१ च्या मान्यतांना आधार ऑक्टोबर २०१७ च्या विद्यार्थिसंख्येचा होता. चौथ्या वर्षाचा कार्यभार त्या हिशेबात असणंच शक्य नाही.

खडू_आणि_फळा

भरतीच्या बाजूनंही तयारी हवी, नाहीतर तरतूद मिळून पुन्हा परत जाईल. कार्यभार तपासणी, बिंदुनामावलीची (कुठलं पद कुठल्या आरक्षण प्रवर्गाचं याच्या नोंदवहीची) मागासवर्ग कक्षाकडून तपासणी, सहसंचालकांचं ना-हरकत प्रमाणपत्र, विद्यापीठाकडून जाहिरातीला मान्यता, निवड समिती, विद्यापीठाची नेमणूक-मान्यता आणि शेवटी सेवार्थ या वेतनाच्या प्रणालीत नाव. सगळ्यांत जास्त अडकतं ते बिंदुनामावलीवर. जुन्या नेमणुकांची जात वैधता किंवा बदलीच्या नोंदी सापडत नाहीत आणि फाइल परत येते. मंजुरीची वाट न बघता नामावली आजच अद्ययावत करून तपासून ठेवता येते, त्याला एक रुपयाही लागत नाही.

चौकटीबाहेर

माझ्या शंकेचं बरंच समाधान झालं. हमी म्हणून मी एवढंच सुचवेन : वेतनेतर अनुदान मागताना त्याचा खर्च महाविद्यालयानं दर तिमाहीला आपल्या संकेतस्थळावर टाकायची तयारी ठरावातच लिहा. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ खाली खर्चाची माहिती स्वतःहून जाहीर करणं तसंही बंधनकारकच आहे.

@परीक्षानळी, प्रतिविद्यार्थी प्रयोगशाळा खर्चाचा नमुना तक्ता टाकाल का? द्रावणं, काच, दुरुस्ती, पाणी आणि वीज असे वेगळे रकाने असलेला.

परीक्षानळी

टाकते. त्यात ‘फुटलेली काच’ हा रकाना वेगळा ठेवणार आहे, कारण ती वसुली बऱ्याच ठिकाणी विद्यार्थ्यांच्या अनामत रकमेतून होते आणि ती खर्चात दिसतच नाही. बाकीच्यांनी भौतिकशास्त्र आणि वनस्पतिशास्त्राचे रकाने सुचवावेत. भूगोलाचेही हवेत, त्यांच्या सर्वेक्षणाच्या साधनांचा कुणी विचारच करत नाही.